राखेच्या बुधवारचं ‘बघू’

सिस्टर, या रविवारी तुमच्या दारात झावळ्या नव्हत्या.

दर वर्षी ईस्टरच्या आधीच्या रविवारी तुमच्या प्रार्थनाघराच्या दाराला शिंदीच्या झावळ्या बांधलेल्या असायच्या. कर्जतहून चार-सहा घरची माणसं यायची आणि तुम्ही सगळ्यांच्या पुढे, हातात झावळी धरून, गाणं म्हणत आमच्या बांधापर्यंत चालत यायचात. गाणं तुम्हाला येत नव्हतं. सूर एकीकडे आणि तुम्ही एकीकडे. मी गोठ्यातून ऐकायचो आणि मंदाला म्हणायचो, “आली गं शिस्टरांची वरात.” मंदा मला डोळे वटारायची आणि पदर सावरून बांधावर जाऊन उभी राहायची.

या रविवारी मी गोठ्यात उगीच रेंगाळलो. दूध काढून झालं होतं, शेण उचलून झालं होतं, तरी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिलो. कुणी आलं नाही. तुमच्या दाराला कुलूप आहे. तुम्ही गेलात त्याला अजून महिनाही झालेला नाही, आणि अंगणात पानं साचली आहेत. मंदा परवा झाडून आली, पण ती म्हणते, “बंद घराचं आंगण कितीबी झाडा, झाडल्यावानी वाटतच नाय.”

मला तुमच्याशी बोलायचं आहे, कारण आपलं एक बोलणं अर्धवट राहिलं आहे. त्यात शेवटचा शब्द माझा होता आणि तो मला आता गिळवत नाही.

मी मोहोपाड्याच्या कंपनीतून रिटायर होऊन गावी आलो, त्याच वर्षी तुम्ही आमच्या शेजारी राहायला आलात. कशेळ्याच्या पुढे, डोंगर जिथून चढायला लागतो, तिथे दोन खोल्यांचं घर आणि मागे उतारावरची उजाड जमीन. वसईकडच्या कुणी ख्रिस्ती बाई एकट्या राहणार, झाडं लावणार आणि प्रार्थना करणार, एवढंच गावाला कळलं होतं. सिस्टर बेनिता हे नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही. तुम्ही सगळ्यांच्या ‘शिस्टर’ झालात. मी मात्र तुम्हाला पहिली दोन वर्षं मनातल्या मनात ‘कानामागून आली आणि तिखट झाली’ असं म्हणत होतो. आता हे सांगायला हरकत नाही. तुम्हाला ते तेव्हाही माहीत होतंच.

आपली ओळख भांडणातून झाली. उन्हाळ्याचे दिवस होते, मी खालच्या वाफ्यावर राब पेटवला होता. तेवढ्यात तुम्ही दोन्ही हातांत दोन कळशा घेऊन धावत आलात आणि “दादा, आग! आग लागली!” असं ओरडत दोन्ही कळशा माझ्या राबावर ओतल्यात. मी कपाळाला हात लावला. “आग नाय बाई, राब हाय राब! मीच लावलाय!” तुम्ही ओल्या झग्यात धापा टाकत उभ्या, वाफ्यातून धूर आणि वाफ दोन्ही निघतायत, आणि बांधावर माझी बायको हसून हसून खाली बसलेली. अर्धा वाफा विझला तो विझलाच. पुढे त्याच अर्ध्यात एवढं तण माजलं की रोप शोधावं लागलं.

त्या दिवशी मी तुम्हाला राब समजावला. भाताचं रोप ज्या वाफ्यात टाकायचं, त्यावर आधी शेण, झाडाचा तोडलेला पाला, गवत असं थरावर थर पसरायचं, वर माती टाकायची आणि सावकाश जाळायचं. तणाचं बी जळून जातं, माती भाजते, राखेचं खत होतं. बाप, आजा, पणजा सगळ्यांनी हेच केलं. तुम्ही शहाण्या विद्यार्थिनीसारखं ऐकून घेतलंत आणि मग विचारलंत, “पाला कुठल्या झाडाचा?”

मी बांधावरच्या ऐनाकडे बोट केलं.

तुमच्या आणि माझ्या जमिनीमधला तो ऐन माझ्या हद्दीत आहे. आजोबांच्या वेळचा. दर वर्षी, नोकरीत असतानाही रजा काढून, मी त्यावर चढून सगळ्या फांद्या छाटायचो, म्हणून तो नुसता बुंधा आणि वर चार गाठी असा उभा असायचा. हे मला कधी विचित्र वाटलं नव्हतं, कारण मी त्याला तसाच पाहत आलो होतो. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत आणि गप्प झालात. तुमचं बोलणं मला सोसायचं, पण गप्प होणं फार वाईट होतं.

मग दर वर्षी तेच. मी कोयता घेऊन निघालो की तुम्ही कुंपणाशी हजर. तुम्ही म्हणायचात, देवानं पहिल्या माणसाला बागेत ठेवलं ते बाग राखायला, बागेचा मालक म्हणून नाही. मी म्हणायचो, “त्या बागंत भात लावत व्हते का? आधी पोटोबा, मग विठोबा.” तुम्ही म्हणायचात, “दादा, मी पोटोबाचंच बोलते आहे. डोंगर बोडका झाला तर तुमच्या विहिरीला पाणी कुठून?” आणि मग तुमच्या बापाच्या वाडीची गोष्ट यायची. केळीची, पानवेलींची वाडी. तिथे आता इमारती आहेत आणि तुम्ही ज्या विहिरीवर पोहायला शिकलात ती एका लिफ्टच्या खाली कुठेतरी बुजवलेली आहे. ही गोष्ट सांगताना तुम्ही रडत नव्हता. तुम्ही चिडायचात, आणि ते मला आवडायचं. चिडणारा माणूस मला समजतो.

एकदा मात्र मी तुम्हाला पेचात पकडलं. तुमच्या उपासाचे चाळीस दिवस ज्या बुधवारी सुरू होतात, त्या दिवशी तुम्ही कपाळाला राख लावायचात. मागच्या वर्षीच्या वाळलेल्या झावळ्या जाळून केलेली राख. माणूस मातीचा आहे आणि मातीला मिळणार आहे, याची आठवण म्हणून. उरलेली चिमूटभर राख तुम्ही दर वर्षी वाटीतून आणून माझ्या वाफ्यावर टाकायचात आणि म्हणायचात, “घ्या, हा माझा राब.” त्या वर्षी मी म्हणालो, “म्हंजे तुमीबी जाळताच की! तुमी राख कपाळाला लावता, आमी वाफ्याला. फरक सांगा.”

वाटी हातात धरून तुम्ही हसत राहिलात. चार दिवसांनी कुंपणावरून ओरडून सांगितलंत, “दादा, मी खाली पडलेली झावळी जाळते! चढून तोडत नाही!” चार दिवस तुम्ही तेच घोकत होता, हे पाहून मला फार गंमत वाटली. उत्तर काही वाईट नव्हतं, पण मी कबूल केलं नाही.

या बाबतीत तुम्हाला खरं हरवलं ते मंदानं. झावळ्यांच्या रविवारी तुम्ही तिला एक झावळी द्यायचात. ती ती देवघरात देवांच्या तसबिरीमागे खोचायची. राख करायची वेळ आली की तुम्ही घरोघरच्या झावळ्या परत मागायचात. मंदानं एकदाही दिली नाही. “देवामागं ठिवलेलं जाळाया देत नाय मी,” असं तिनं तोंडावर सांगितलं. तुम्ही म्हणालात, “बघा दादा, जाळणारी मी ठरले आणि राखणारी ही.” आमच्या गणपतीमागे तुमच्या झावळ्यांचा आता जुडगा झाला आहे. दिवा लावताना मी रोज तो बाजूला सारतो.

आणि ती म्हैस! तुमच्या शुभ शुक्रवारी तुम्ही दिवसभर मौन पाळायचात. येशूला क्रुसावर दिलं तो दिवस. तुम्ही ओसरीवर बसून प्रार्थना करत होता आणि माझी म्हैस दावं तोडून तुमच्या वांग्यांत शिरली. तुम्ही तिला पाहिलंत. तिनं तुम्हाला पाहिलं. एक हाक मारली असती तर मी आलो असतो, पण तुम्ही तोंड उघडलं नाही आणि तिनं बंद केलं नाही. सगळा वाफा साफ. दुसऱ्या दिवशी मी हात जोडून आलो तर तुम्ही म्हणालात, “माझा उपास होता, तिचा थोडाच होता?” त्या दिवसापासून मी तुम्हाला मनातही तिखट म्हटलं नाही.

या सगळ्या भांडणात दोन वर्षांपूर्वी तुम्ही नवीच चाल खेळलात. राखेचा बुधवार होता. आमच्या ओसरीवर चहा घेता घेता तुम्ही विचारलंत की चातुर्मासात मी काय सोडतो. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, वांगं आणि कांदा. तुम्ही म्हणालात, “तुम्ही वांगं सोडलंत तर देवाला काय मिळतं? वांग्यालाही काही मिळत नाही, ते शेजारी खातो. दादा, जे सोडल्यानं दुसरं कुणी जगेल ते सोडा. पुढच्या वर्षी एकदा ऐन सोडा.”

मी म्हणालो, “आन राब?”

“शेणाचा आणि पेंढ्याचा करा. कमी पडेल, तेवढं तण येईल.”

तेवढ्यात आतून मंदा बाहेर आली. ती म्हणाली, “लई झ्याक. सोडनार ह्ये, पुन्य मिळनार यांना, आन निंदनार कोन? मी!”

तिचं खरं होतं. आमच्याकडे निंदणी बायकांची. पुरुष नांगर धरतो, चिखल करतो, झाडावर चढतो. वाफ्यात बसून तण उपटत नाही. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि म्हणालात, “मी येईन निंदायला.”

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे दुखतात म्हणून रोज तेल चोळणारी. पण आमच्यात घरी आलेल्या साधूला नाही म्हणत नाहीत, म्हणून तुमच्या झग्याकडे बघून मीही हो म्हटलं. गेल्या वर्षी ऐन तोडला नाही. कोयता आढ्याला राहिला. गावातली माणसं विचारायची, “काय रं, झाडावर चढवत नाय का आता?” आणि मी निमूट ऐकून घ्यायचो.

तण आलं. चांगलं दाट आलं. आणि तुम्ही खरंच आलात. झगा खोचून, डोक्याला मंदाची जुनी साडी गुंडाळून, वाफ्यात गुडघे टेकून तुम्ही बसलात. पहिल्या दिवशी तुम्ही तणाबरोबर भाताचंही रोप उपटलंत, मंदा ओरडली, “शिस्टर, त्यो भात हाय वो!” आणि तुम्ही ते रोप घाईघाईनं परत मातीत खोचलंत. मी बांधावर छत्री घेऊन उभा होतो आणि हसत होतो. तुम्ही वर न बघता म्हणालात, “हसा. पण एकदा इथे येऊन बसून बघा दादा. निंदताना माणूस आपोआप गुडघ्यावर येतो, मान खाली जाते, हात मातीत जातात. प्रार्थनेला याहून जास्त काय लागतं?”

मी म्हणालो, “मला काय शिकवताय, माझे गुडघे देवळातबी वाकत नाय.”

“म्हणूनच सांगते,” तुम्ही म्हणालात.

निंदणी संपेपर्यंत रोज आलात. दुपारी तुम्ही दोघी ओट्यावर बसून भाकरी खायचात आणि कुजबुजत काय बोलायचात, मला कधी कळलं नाही. मंदाला विचारलं तर म्हणते, “आमचं आमच्यापाशी.” इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्यापासून लपवलेली ही एकच गोष्ट आहे आणि आता ती तिच्या एकटीपाशी राहिली.

यंदाच्या फेब्रुवारीत मी पाहिलं, ऐनाला फांद्या आल्या आहेत. खऱ्या फांद्या. डोंगरातल्या वाडीवरच्या बायका कशेळ्याच्या बाजारातून परतताना डोक्यावरचं ओझं उतरवून त्याखाली बसायला लागल्या होत्या. त्या वाटेवर आधी कुणी थांबत नव्हतं, कारण थांबायला जागाच नव्हती. मी हे तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही रोज ओसरीतून ते बघतच होता, पण माझ्या तोंडून ऐकायला तुम्हाला बरं वाटलं असतं. मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर भांडण तुम्ही जिंकला असतात.

आणि मग यंदाचा राखेचा बुधवार. तुम्ही वाटी घेऊन आलात, पण बांधावर दोनदा थांबलात. चेहरा उतरलेला होता. मंदानं खुर्ची दिली तर एरवी पायरीवर बसणाऱ्या तुम्ही मुकाट्यानं खुर्चीत बसलात. वाफ्यापर्यंत जाणं झालं नाही, म्हणून राखेची वाटी मंदाच्या हातात दिलीत. उद्या मुंबईला जायचं आहे, डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या आहेत, म्हणालात. उठता उठता माझ्याकडे पाहिलंत.

“दादा, मी एकाच वर्षाचं मागितलं होतं. ते तुम्ही दिलंत. यंदा?”

मी म्हणालो, “बघू.”

एवढंच. मनात नकार नव्हता, सिस्टर. हेही नव्हतं की विचार करायचा आहे. तुम्ही आठ दिवसांत परत याल, कुंपणाशी उभ्या राहाल, आणखी थोडं भांडाल, आणि मग मी उपकार केल्यासारखा हो म्हणेन, असं मी धरून चाललो होतो. मला ते भांडण हवं होतं. तुम्ही मान हलवलीत आणि हळूहळू गेलात. दुसऱ्या दिवशी मंदा तुम्हाला जीपपर्यंत सोडायला आली, मी आलो नाही.

तुमच्या मठातून फोन आला तेव्हा मी विळ्यानं गवत कापत होतो. मंदानं फोन घेतला, ऐकला आणि माझ्याकडे नुसता धरला. पलीकडच्या सिस्टर हिंदीत बोलत होत्या. मला एवढंच कळलं की आता तुम्ही परत येणार नाही.

आम्ही दोघं मातीला आलो होतो. तुम्हाला तिथे, मुंबईत, तुमच्या मठाच्या दफनभूमीत ठेवलं. सगळीकडे फरशी, सिमेंट, ओळीनं क्रूस. तुम्ही उतारावर लावलेली झाडं तिथून किती लांब. मला फार राग आला, कुणावर ते कळेना. मग सगळे एकेक करून पेटीवर मूठभर माती टाकू लागले. आमची पाळी आली तेव्हा मंदानं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. मला वाटलं होतं, प्रवासात खायला भाकरी घेतली असेल. डब्यात माती होती. आपल्या वाफ्यातली, तुम्ही दोघींनी निंदली ती. तुम्ही शेवटी आणलेली राख तिनं त्याच वाफ्यावर टाकली होती. तिनं सगळा डबा पेटीवर उपडा केला आणि म्हणाली, “शिस्टर, तुमची माती आनली.” एका म्हाताऱ्या सिस्टरांनी तिला जवळ घेतलं. मी तोंड फिरवून उभा राहिलो. मला रडताना पाहणारं तिथे मंदाखेरीज कुणी ओळखीचं नव्हतं, हे बरं झालं.

आता तुमच्या घराचं काय होणार, माहीत नाही. रस्त्याच्या पलीकडे फार्महाऊसचे प्लॉट पडले आहेत, आणखी पडतील. ती तुमच्या मठाची जमीन, माझं तिथे काही चालत नाही. पण ऐन माझा आहे.

आजूबाजूचे राब रचून झालेत. आम्हीच मागे राहिलो. काल सकाळी मी आढ्यावरून कोयता काढला. खरं सांगतो, काय करणार होतो ते मलाच ठाऊक नव्हतं. तण डोळ्यांपुढे येत होतं, मंदाची कंबर डोळ्यांपुढे येत होती. तुम्ही होता तेव्हा निंदायला दोघी होतात. आता तिनं एकटीनं किती वाकायचं? तुमच्यासाठी मी सोडायचं आणि त्याचं ओझं तिच्या पाठीवर टाकायचं, हे कुठल्या देवाला चालेल?

मी बांधावर ऐनाखाली उभा राहिलो. मंदा मागून आली.

“तोडनार का?”

“मग काय करू? निंदनार कोन?”

तिनं वर फांद्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, “गेल्या साली आमी दोघी व्हतो. औंदाबी दोघं हायेत की घरात.”

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी म्हणालो, “मी? वाफ्यात? गाव हसंल.”

“हसू दे. तुमीबी हसलाच व्हता ना छत्री घेऊन,” ती म्हणाली, आणि माझ्या हातातून कोयता घेऊन घरी निघून गेली.

सिस्टर, मी बराच वेळ तिथेच बसलो. वाडीवरची एक बाई आली, ओझं उतरवलं, मला बघून म्हणाली, “काय दादा, सावलीला?” मी हो म्हणालो.

तुम्ही विचारलं होतंत, यंदा? यंदा नाही तोडणार, पुढच्या वर्षीही नाही. आई काशीला जाऊन फणस सोडून आली होती, मरेपर्यंत तिनं त्याला हात लावला नाही. तसा मी ऐन सोडला. तण येईल. तेव्हा तुमच्या जागेवर, मंदाच्या शेजारी, मी बसेन. भाताचंही रोप उपटेन बहुतेक, आणि ती माझ्यावर ओरडेल. गाव बांधावर उभं राहून बघेल, तर बघू दे. माझे गुडघे देवळात कधी वाकले नाहीत. तुमच्या वाफ्यात वाकतील.